"एसीत बसून लिहिता" म्हणणाऱ्या वाचकाला

सराईत गुन्हेगारांच्या खटल्यांसाठी वेगळे सरकारी वकील नेमतात, त्या योजनांचा खरा उपयोग तपासायचा कसा, ह्या माझ्या लेखावर तुमची कमेंट वाचली. "एसीत बसून अमेरिकेचे आकडे फेकणाऱ्याला सोलापुरात गळ्यातलं ओढून नेलेल्या बाईचं काय कळणार?" मुद्दा मांडा की सरळ, हे असलं बोलायचं काय कारण होतं ओ?

आता बोललाच आहात तर ऐका. माझ्या सख्ख्या बहिणीचं मंगळसूत्र भर दुपारी जुळे सोलापुरात ओढलंय, मानेवरचा वळ किती दिवस गेला नव्हता. पोरगं सापडलं, आधीच्या केसा होत्याच त्याच्यावर, मग तारखा सुरू. दर वेळी सरकारी वकील नवा, तो उभ्याउभ्या फाईल चाळणार आणि ताईला पहिल्यापासून सगळं परत विचारणार. पंच फितूर झाला, पोरगं सुटलं. तिच्यासोबत व्हरांड्यात मी बसायचो, तिथं कसला आलाय एसी!

म्हणूनच रिमांडपासून निकालापर्यंत एकाच वकिलानं केस सांभाळायची ही पद्धत मला पटते, लेखात तसं लिहिलंय, तुम्ही तिथवर वाचलंच नाही. पण पटणं वेगळं आणि फरक पडला हे दाखवणं वेगळं. अमेरिकेत 1975 च्या सुमारास केंद्राच्या पैशातून असे खास वकिलांचे कक्ष निघाले, न्यू ऑर्लिन्स, सॅन दिएगो, कोलंबस, कॅलामझू इथले तपासले गेले, तर दोषी ठरण्याचं प्रमाण एकंदरीत फारसं हललेलं नव्हतं, कारण असल्या केसांत बहुतेक जण आधीपासूनच दोषी ठरत होते. सॅन दिएगोत तुरुंगात जाणारे वाढले हे तुम्ही म्हणता ते बरोबर, मान्य. पण पुराव्यानं भक्कम केसा निवडून घ्यायच्या आणि मग शिक्षा किती लागल्या ते सांगायचं, ह्यात कक्षाचं काम किती ते कसं कळणार? तसलंच रेकॉर्ड असलेल्या, नेहमीच्या वकिलाकडं गेलेल्या केसा शेजारी ठेवून बघायला नकोत का?

मोक्का, तडीपारी वगैरे तुमच्या कमेंटमधलं बाकीचं सोडतो.

फक्त ते "ह्यांच्या रक्तातच चोरी असते" हे सोडणार नाही. सेटलमेंट, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, ज्या गावात होती त्या गावात राहून हे लिहिता? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, कायदा 1952 ला गेला, शिक्का आजही पोरांच्या मागं आहे. ते वाक्य तुम्ही काढा, नाहीतर सगळी कमेंट मी उडवतो.