तोंड आंबट

'वनस्पतिजन्य' हा शब्द दिसला की माझी विवेकबुद्धी बिनपगारी रजेवर जाते. त्यामुळे 'वनस्पतिजन्य व्हिनेगरयुक्त' असे मिरवणारे लोशन घरात आले, यात नवल नव्हते. वास्तविक स्वयंपाकघरातले व्हिनेगरही बहुधा वनस्पतींचेच अपत्य असते. फळाच्या रसातील साखरेचे यीस्ट मद्य बनवते आणि त्या मद्याचे जीवाणू अ‍ॅसिटिक आम्ल करून टाकतात. (मद्य पूर्ण बिघडेपर्यंत धीर धरला, तर ते राजरोस तोंडाला लावता येते, हा शोध मला फार उशिरा लागला.)

आठ दिवस लोशन चोपडूनही चेहऱ्यावर तेज येईना, तेव्हा मी मूळ द्रव्यालाच हात घातला. निरोगी त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण 5 असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते, एवढे मी वाचले होते. तेव्हा जिला थोडे आम्ल मानवते तिला भरपूर द्यावे, असा उदार हिशेब करून मी सफरचंदाचे व्हिनेगर थेंबभरही पाणी न घालता कापसाने चेहऱ्यावर थापले आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. व्हिनेगरचा सामू 3 च्या आसपास असतो आणि सामूची एक पायरी उतरली की आम्लता दहापट वाढते, म्हणून दोन पायऱ्यांचा हिशेब शंभरपट होतो, हे गणित मला अग्रलेखाच्या मध्यावर चेहऱ्यानेच समजावून सांगितले.

"अहो, घरात काही आंबले आहे का?" असे विचारत सौभाग्यवती बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहून त्यांनी पुढचा शोध थांबवला.

त्वचारोगतज्ज्ञांनी तोंडाला काहीही लावू नका, असे बजावले. सक्तीच्या विश्रांतीत मी लोशनची घटकसूची वाचली. तीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात, निदान 1 टक्क्यापर्यंत तरी. पुढे उत्पादक लिहील तो क्रम. आमचे व्हिनेगर सुगंधद्रव्याच्याही खाली, अगदी शेवटच्या ओळीत अंग चोरून बसले होते, आणि आठ दिवस माझी त्वचा जी काही मऊ राहिली ती बिचाऱ्या ग्लिसरीनमुळे, ज्याचे नाव बाटलीच्या दर्शनी भागावर कुठेच नव्हते.

उरलेल्या व्हिनेगरने सौभाग्यवतींनी न्हाणीघरातील नळावर साचलेले क्षार काढले. नळ आता असा लखलखतो की सोललेल्या नाकाची प्रगती मी रोज सकाळी त्यातच पाहतो.