सर्व्हर काकूंच्या हाती का दिला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयाचं सभासद-नोंदणी आणि पुस्तक-देवघेवीचं ॲप मी पॅनलवाल्या (म्हणजे टर्मिनलवर आज्ञा टाइप न करता ब्राउझरमधल्या बटणांनी चालवता येणाऱ्या) सर्व्हरवर कसं चढवलं, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, पॅनल म्हणजे कुबड्या. ज्याला टर्मिनल येत नाही त्यानं सर्व्हरला हात लावू नये. तुमच्या पद्धतीनं डॉट-एन्व्ही फाइल जगाला दिसेल, पॅनलचा पोर्ट सताड उघडा राहील, आणि हातानं केलेले बदल पॅनल पुसून टाकेल. बडोद्यातल्या जुन्या संस्थेवर असले प्रयोग करू नका. आणि सभासदांना मेल जात नाहीत असं तुम्हीच लिहिलंय, ते तरी सुटलं का?"

उत्तराला चार दिवस लागले, कारण लिहिण्याआधी सर्व्हर पुन्हा तपासायचा होता. तुमच्या तिन्ही तांत्रिक तक्रारींत तथ्य आहे. पहिल्या तक्रारीबद्दल तर मी तुमचे आभार मानते. पण "हात लावू नये" हे मला अजिबात मान्य नाही, आणि हे उत्तर लांबलंय ते त्या एका वाक्यामुळे.

आधी डॉट-एन्व्ही, म्हणजे ॲपचे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या ठेवलेली फाइल. मी लेखात लिहिलं होतं की ॲपचं (ते लाराव्हेल या पीएचपी चौकटीवर बनलं आहे) सगळं फोल्डर पब्लिक-एचटीएमएल या जगाला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये टाका आणि एचटीॲक्सेस या नियमांच्या फाइलीतल्या दोन ओळींनी येणाऱ्याला आतल्या पब्लिक फोल्डरकडे वळवा. आमच्या सर्व्हरवर अपाचे हा वेब-सर्व्हर आहे, म्हणून ते चाललं. ब्राउझरमध्ये डोमेनपुढे डॉट-एन्व्ही टाइप केलं तर ४०४ (पान सापडलं नाही) येतं, हे मी तेव्हाही पाहिलं होतं आणि परवाही पाहिलं. पण एनजिन्एक्स हा दुसरा वेब-सर्व्हर एचटीॲक्सेस वाचतच नाही. ज्यांच्या पॅनलखाली नुसतं एनजिन्एक्स आहे अशा कुणी माझा लेख पाहून तेच केलं असेल, तर त्यांच्या डेटाबेसचा पासवर्ड साध्या मजकुरासारखा ब्राउझरमध्ये उघडेल. हा पत्ता दिवसरात्र ठोठावणारे बॉट आहेत. कुठल्याही सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा, त्यांची हजेरी दिसेल. तेव्हा ही चूक माझीच.

बरोबर पद्धत अशी. ॲपचं फोल्डर खात्याच्या होममध्ये, पब्लिक-एचटीएमएलच्या शेजारी ठेवायचं, त्याच्या आत नाही. मग पॅनलमध्ये डोमेनचं डॉक्युमेंट रूट (साइट ज्या फोल्डरातून उघडते ते) बदलून ॲपच्या पब्लिक फोल्डरवर न्यायचं. काही पॅनल मुख्य डोमेनचं रूट बदलू देत नाहीत. तिथे सबडोमेन काढा, त्याचं रूट आपल्याला हवं ते देता येतं. परवानग्यांत फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ आणि डॉट-एन्व्हीला ६०० पुरतं, कारण बहुतेक पॅनलांत पीएचपी त्याच खात्याच्या नावानं चालतं. "परमिशन डिनाइड" दिसलं की ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करून मोकळं व्हायची सवय आपल्यात फार पसरली आहे. ती सोडा. ज्यांची फाइल एकदा जरी उघडी पडली असेल, त्यांनी ती झाकून थांबू नये. डेटाबेसचा पासवर्ड, मेलचा पासवर्ड, ॲप-की (ॲपची गुप्त किल्ली), सगळं बदला. ॲप-की बदलल्यावर सगळे लॉग-आउट होतील आणि त्या किल्लीनं कुलूपबंद केलेला मजकूर उघडणार नाही, पण सभासदांच्या पासवर्डांना धक्का लागत नाही. बदलल्यावर कॉन्फिगची कॅश (सेटिंगांची साठवलेली प्रत) पुन्हा बनवायला विसरू नका, नाहीतर ॲप जुनाच पासवर्ड घेऊन डेटाबेसच्या दारात उभं राहील. लेख मी दुरुस्त केला आहे आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली असं तिथे लिहिलं आहे.

पोर्टचं, म्हणजे पॅनल ज्या दारातून उघडतं त्याचं म्हणाल तर तुम्ही उदाहरण दिलं नाहीत, मी देते. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सायबरपॅनेल नावाच्या पॅनलमध्ये अशी फट सापडली की लॉग-इन न करताच सर्व्हरचा रूट, म्हणजे पूर्ण ताबा मिळत होता. त्याचा पोर्ट ८०९० ज्यांनी जगाला उघडा ठेवला होता, अशा हजारो सर्व्हरांवरच्या फाइली खंडणीखोरांनी कुलूपबंद केल्या. पासवर्ड कितीही कठीण असता तरी उपयोग नव्हता. म्हणून पॅनलचा पोर्ट फायरवॉलमध्ये बंदच हवा. फक्त आपल्या आयपीला (इंटरनेटवरच्या आपल्या पत्त्याला) उघडा ठेवा असं सगळे सांगतात, पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो आणि कित्येकदा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटलेला असतो. मी सर्व्हरवर वायरगार्ड हे व्हीपीएन (खासगी जोडणी) बसवलं. वाचनालयाच्या लॅपटॉपवर एक बटण आहे, ते चालू केलं की पॅनल दिसतं, नाहीतर दिसत नाही. हे लेखात यायला हवं होतं.

तिसरी तक्रार मी स्वतः भोगली आहे. मुखपृष्ठांचे फोटो मोठे म्हणून मी आमच्या अपाचेच्या पुढे असलेल्या एनजिन्एक्सच्या फाइलीत अपलोडची मर्यादा हातानं वाढवली होती. दोन महिन्यांनी साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचं (एचटीटीपीएसचं) नूतनीकरण झालं, पॅनलनं आपल्या साच्यातून ती फाइल नव्यानं लिहिली आणि माझी ओळ गेली. ही पॅनलची खोड नव्हे, त्याची रीतच तशी आहे. ती फाइल त्याच्या मालकीची. आपल्या ओळींसाठी बहुतेक पॅनल वेगळी इन्क्लूड फाइल किंवा "ॲडिशनल डायरेक्टिव्ह" असा चौकोन देतं, तिथेच लिहायचं. पॅनलखालचं काय कुठे लिहिलं जातं हे ज्यानं ॲप चढवलं त्याला माहीत हवंच, एवढं तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मात्र मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो. पॅनलमध्ये "नवा डेटाबेस" असं बटण दाबलं की तो सर्व्हरच्या मूळ कॅरॅक्टर-सेटमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) बनतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीपर्यंत आणि त्यातून निघालेल्या मारियाडीबीच्या बऱ्याच आवृत्त्यांत तो लॅटिन-१ (पश्चिम युरोपच्या भाषांपुरता) असतो, आणि त्याची वर्णक्रमाची पद्धत चक्क स्वीडिश, कारण मायएसक्यूएलची कंपनी मूळची स्वीडनची. सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. लॅटिन-१च्या रकान्यात त्याला जागाच नाही. मग दोनपैकी एक होतं. पुस्तकाच्या नावाऐवजी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली लॅटिन अक्षरं दिसली तर जीव भांड्यात पडू द्या: बाइट बहुधा शाबूत आहेत, परत उलटवता येतात. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर संपला, तो फक्त बॅकअपमधूनच परत येईल. आमच्या जुन्या यादीतल्या काही शे पुस्तकांची नावं अशी प्रश्नचिन्हं होऊन बसली होती. ती मी आणि दोन कॉलेजच्या मुलींनी कपाटं उघडून, पुस्तकं हातात घेऊन पुन्हा टाइप केली. म्हणून डेटाबेस बनवल्या बनवल्या, एकही ओळ आत जाण्याआधी, तो यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करून घ्या.

आता "हात लावू नये"बद्दल.

वाचनालयाच्या चिटणीस काकू बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गेल्या दिवाळीनंतर आईच्या ऑपरेशनसाठी मी तीन आठवडे साताऱ्याला होते. एका सकाळी ॲप बंद पडलं. काकूंचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभी होते, जवळ लॅपटॉप नव्हता. त्या म्हणाल्या, "अगं, डिस्क म्हणून पट्टी आहे ती लाल झालीय, शंभर टक्के लिहिलंय." तेवढ्यावरून मला कळलं. रोजचे बॅकअप त्याच डिस्कवर साठत होते, डिस्क भरली आणि डेटाबेसनं मान टाकली. मी सांगितलं, बॅकअपच्या पानावर जा, सर्वांत जुने सहा पुसा, मग डेटाबेसच्या नावापुढचं "रीस्टार्ट" दाबा. त्यांनी प्रत्येक वेळी तारीख मोठ्यानं वाचून दाखवली आणि मी हो म्हटल्यावरच पुसलं. अकराला वाचनालय उघडलं तेव्हा ॲप चालू होतं.

बॅकअप त्याच डिस्कवर ठेवणं ही माझीच चूक होती, आणि आता ते रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जातात. दर महिन्याला त्यातला एक मी रिकाम्या डेटाबेसात उतरवून पाहते. पण त्या सकाळी काकूंसमोर काळा टर्मिनल असता तर मी फोनवरून एकेक अक्षर सांगितलं असतं आणि "आरएम" या पुसायच्या आज्ञेनंतरच्या एका चुकलेल्या स्पेसनं काय होऊ शकतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही "जुनी संस्था" म्हणालात म्हणून सांगते. बडोद्यात वाचनालयांची चळवळ उभी राहिली ती अशीच. १९१०मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. ते तीनेक वर्षं राहिले, इथल्या माणसांना ग्रंथपालन शिकवलं आणि १९१३मध्ये परत गेले. पुढे इथल्या ग्रंथालय खात्यातल्या कुडाळकरांनी आणि इतरांनी काम नेलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात आणि तिथे कुणी शिक्षक त्या सांभाळत. बॉर्डन यांच्याइतकं येत नाही तर पेटीला हात लावू नका, असं त्या शिक्षकाला कुणी सांगितलं असतं तर पेट्या इथेच पडून राहिल्या असत्या. मी उद्या बडोद्यात नसेन, कदाचित या कामातही नसेन. तेव्हा हे ॲप ज्यांच्या हाती राहणार, त्यांना त्यातलं काय दिसतं आणि काय करता येतं, हे मी सर्व्हर निवडतानाच ठरवलं. एकट्यानं चालवायचं ॲप असतं तर मीही पॅनल घेतलं नसतं. १ जीबीच्या सर्व्हरवर त्याचा भार जाणवतो, त्यात मेलचा व्हायरस-स्कॅनर चालू ठेवला तर मेमरी संपून डेटाबेसच मारला जातो. आम्ही मेलसेवा सर्व्हरवर ठेवलीच नाही.

प्रमाणपत्राचं एक जाता जाता. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं, पॅनल ते आपोआप नवं करतं, म्हणून कुणी बघत नाही. मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी २०२५च्या जूनपासून बंद केले आहेत. सर्व्हर बदलताना डीएनएसमधली (डोमेन कुठल्या पत्त्यावर जायचं त्या यादीतली) आयपीव्ही-६ची जुनी नोंद राहून गेली तर नूतनीकरण गुपचूप अडू शकतं. काकूंच्या वहीत आता दर महिन्याच्या एक तारखेला कुलुपाच्या चिन्हावर टिचकी मारून तारीख उतरवायची, असं लिहिलेलं आहे.

आणि मेलचं: हो, सुटलं. डोमेनसाठी पॅनलमध्ये मी पीएचपी ८.२ निवडलं होतं, पण क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) ओळीत नुसतं "पीएचपी" लिहिलं होतं. क्रॉनला डोमेनची निवड कळत नाही, त्यानं सर्व्हरचं मूळ ७.४ उचललं आणि कम्पोझरच्या (पीएचपीची पॅकेजं सांभाळणाऱ्या साधनाच्या) तपासणीतच काम थांबत होतं. मी क्रॉनचं सगळं बोलणं "डेव्ह-नल"मध्ये, म्हणजे कचऱ्यात सोडलेलं, त्यामुळे महिनाभर कुणाला काही ऐकू आलं नाही. आता ८.२चा पूर्ण मार्ग लिहिला आहे आणि बोलणं एका लॉगफाइलीत जातं. शनिवारी सकाळी मुदत टळलेल्या ३८ सभासदांना मेल गेले. संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आत त्यातली चार पुस्तकं परत आली, एक तर दोन वर्षांपूर्वी नेलेलं.