‘भरल्या पोटाचे चोचले’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घर आणि मनःस्वास्थ्य यांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेत की, ‘मुंबईत दहा बाय सोळाच्या खोलीत सहा-सहा माणसे झोपतात, तिथे स्वतःचा कोपरा, रात्रीचा मंद उजेड, खिडकीतली झाडे हे सारे भरल्या पोटाचे चोचले आहेत. ज्यांनी चाळ पाहिली नाही त्यांनी उपदेश करू नये.’

झाडांबाबतचा आपला एक आक्षेप मला मान्य आहे. कुंडीतल्या रोपांनी घरातील हवा शुद्ध होते, हे माझे वाक्य चुकीचे होते. नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता; उघड्या खिडक्यांच्या घरात दोन-चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. ते वाक्य मी काढले आहे.

मात्र ‘ज्यांनी चाळ पाहिली नाही’ हे आपण कशाच्या आधारे लिहिलेत? माझा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीतला. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर सामाईक संडास, आणि आमची खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे आपण म्हणता तीच दहा बाय सोळाची. त्या खोलीत आम्ही सात जण राहत होतो, सहा नव्हे.

वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते आणि त्यांना बहुतेक रातपाळी असे. ते सकाळी घरी येऊन झोपत तेव्हा बाहेर लख्ख ऊन असे, म्हणून आईने जुन्या लुगड्याचा दुहेरी पडदा शिवून मोरीच्या विरुद्ध बाजूचा कोपरा अंधारा केला होता. पंपाचा स्टोव्ह भरभरतो म्हणून ती त्यांच्या येण्याआधीच भात-आमटी उरकत असे आणि आम्हा भावंडांना पुस्तके देऊन बोळात बसवत असे. शरीराचे घड्याळ पेशींत कसे चालते हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळाले. उजेड आणि अंधार यांवर ते घड्याळ लावले जाते, हे आईला कोणी सांगितले नव्हते. थकलेल्या माणसाला दिवसा झोप लागायची तर काय करावे लागते, एवढे तिला कळत होते. तिच्या त्या धडपडीला आपण चोचले म्हणाल का?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि रातपाळी कायमची संपली. तरीही आईने तो पडदा बरीच वर्षे काढला नाही. वडील दिवसभर घरात असत, कोणाशी बोलत नसत, आणि चारचौघांत बसवेनासे झाले की पडद्याआड जात. आम्हा मुलांना तिकडे फिरकायची परवानगी नव्हती. माझ्या लेखातला ‘स्वतःचा कोपरा’ तिथून आलेला आहे, कुठल्या गुळगुळीत मासिकातून नव्हे.

दाटीवाटी हाच मूळ रोग आहे, हे आपले म्हणणे मी नाकारलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरांतील दाटी कमी करण्याची शिफारस केली आहे, आणि लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी तेच लिहिले आहे. आपण तिथवर वाचले असते तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती. परंतु मोठे घर मिळेपर्यंत आहे त्या खोलीत माणसाला झोप आणि एकांत कसा मिळेल, हे विचारणे म्हणजे मोठ्या घराची मागणी सोडणे नव्हे.

भिंतींचे रंग आणि देवघराची दिशा यांविषयी आपण जे विचारले आहे, त्यावर मी लेखात एक ओळही लिहिलेली नाही, त्यामुळे उत्तर देत नाही. ‘चोचले’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.