आजीचं कोर्टात काय काम?

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगलीच्या काकांनी परवा एक मजकूर ढकलला: 'इंग्लंडमध्ये नातवाला भेटायला आजीला कोर्टाची परवानगी लागते. आपण भाग्यवान!' खाली जोडलेले हात, तिरंगा आणि 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. इंग्लंडमध्ये राहणारी त्या ग्रुपवर मी एकटीच, तेव्हा दगड कुणाला उद्देशून होता ते सगळ्यांना कळलं.

काका अर्धे बरोबर आहेत, याचाच जास्त राग येतो. आई-बाप भेटू देत नसतील तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे आजीला आधी अर्ज करण्याची परवानगी मागावी लागते, मग खरा अर्ज. अर्ज कशासाठी आहे, मुलाशी तिचं नातं कसं आहे, या सगळ्यात मुलाची किती ओढाताण होईल, हे न्यायाधीश बघतात. पण नातू वर्षभर आजीकडेच राहिलेला असेल, तर तो तिच्याकडेच राहावा या अर्जाला ही परवानगी लागत नाही. शिवाय २००५ च्या अखेरीपासून 'स्पेशल गार्डियनशिप' आहे. ती मिळाली की शाळा, दवाखाना अशा रोजच्या निर्णयांत आजीचा शब्द आई-बापांच्या वर. त्याआधी काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, सोशल वर्कर घरी येते, खोल्या बघते, गुडघ्यांची चौकशी करते, पोलीस रेकॉर्ड तपासते. अपमान वाटण्यासारखंच आहे ते. पण शेवटी आजीच्या हातात कागद येतो.

आपल्याकडे काय आहे म्हणून मी इंडियन कानून या संकेतस्थळावर निकाल वाचत बसले. पालक व पाल्य अधिनियम १८९० चा, म्हणजे इंग्रजांनीच केलेला. त्याखाली कुठलाही नातेवाईकच काय, मुलाचा हितचिंतक मित्रसुद्धा पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतो. दार इथल्यापेक्षा मोठंच म्हणायचं. (हे ग्रुपवर लिहिलं नाही.)

आणि माणसं कोर्टात जातात, वेगळ्या दारानं का होईना. अहमदाबादच्या एका मुलाचे आई-वडील दोघंही २०२१ मध्ये कोविडनं गेले. उच्च न्यायालयानं त्याला मावशीकडे दिलं, कारण ती अविवाहित, सरकारी नोकरीत, एकत्र कुटुंबातली, आणि आजोबा एकाहत्तरचे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवून मूल आजोबांकडे दिलं. वडिलांकडचे आजी-आजोबा आपल्या समाजात अजूनही नातवाला जास्त चांगलं सांभाळतात, असं त्यात म्हटलंय. मावशीनं काय घोडं मारलं होतं? २०१९ मध्येही मावशी-मामाच हरले होते. तेव्हा समोर वडील होते. मुलीची आई कॅन्सरनं गेलेली, आणि प्रकरण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं. आजी-मावशी कोर्टाची पायरी चढत नाहीत, असं आता काकांनी मला सांगू नये.

इथल्या अशा निकालांत मुलाच्या नावाऐवजी एखादं अक्षर असतं. आपल्याकडच्या कितीतरी निकालांत बापाचं आडनाव, आईचा आजार, सासरचे आरोप, सगळं उघडं. उद्या ती मुलं मोठी होऊन स्वतःचं नाव शोधणारच ना?

आणि कोर्टात न जाण्याचं कौतुक तर मला सांगूच नका. आत्याच्या मुलाचा घटस्फोट झाल्यावर नातू आत्याला दिसेनासा झाला. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायची, उगाच एखाद्या कागदाची प्रत काढून घ्यायची. रिक्षात बसेपर्यंत तो दिसायचा. वकिलाला भेट, असं मी म्हटलं, तर 'चार लोक काय म्हणतील' म्हणून अडवणारे हेच काका.

हे सगळं पोटतिडकीनं टाइप करत होते, पण परवानगीच्या त्या यादीतल्या 'मुलाशी नातं' या मुद्द्यापाशी थांबले. माझ्या आईला उद्या इथल्या कोर्टात हे सांगायची वेळ आली तर ती काय सांगेल? रविवारचा व्हिडिओ कॉल, त्यात माझा मुलगा 'हॅलो आज्जी' म्हणून पळतो. ती व्हिजिटर व्हिसावर येते, एका वेळी फार तर सहा महिने. तिला कायमची आणावी तर २०१२ पासून ते नियम असे आवळलेत की धडधाकट म्हातारीला जवळपास दार बंदच. माझ्या आईला नातवाला भेटायला परवानगी लागतेच, कोर्टाची नाही, गृहखात्याची. काकांना हे सुचलं नाही, हे माझं नशीब.

गेल्या वर्षी आम्ही मृत्युपत्र केलं. दोघंही गेलो तर मूल कुणाकडे, असं वकीलबाईंनी विचारल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. आम्ही नाव लिहिलं ते मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीचं. शाळेनंतर तो तिच्याकडेच असतो, तिच्या हातचं निमूट जेवतो, आणि त्याचा इनहेलर कुठल्या खणात आहे ते तिला माहीत आहे. मिरजेची माझी बहीण, त्याची सख्खी मावशी, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. तिनं स्वतःच्या मृत्युपत्रात मुलींची पालक म्हणून माझं नाव घातलंय. सही केली त्याच संध्याकाळी फोन करून तिनं मला ते सांगितलं होतं.