भिंतीची अंघोळ

इलेक्ट्रिशियनच्या बिलात एक ओळ आहे : ‘अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणी, ३५० डॉलर.’ ज्याने त्या भिंतीला करंगळी लावली नाही, त्याला साडेतीनशे! हाताळणी मी केली. साक्षीदार, बायकोचे मामा.

न्यू जर्सीतलं १९५०च्या सुमाराचं घर. बाहेरून अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या १२ बाय २४ इंची पाट्या, आत १०० अँपिअरचं कनेक्शन. विजेवरच्या गाडीच्या ४८ अँपिअरच्या चार्जरला सर्किट लागतं ६०चं, म्हणून कनेक्शन २००चं करायचं. मीटरचा डबा मोठा, शेजारी बाहेरचा मेन स्विच, म्हणजे सहा पाट्या काढणं आलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पाट्यांना हात लावणार नाही. पाट्यावाला म्हणाला, मीटरजवळ जाणार नाही. उरलो मी.

मामा वीज मंडळातून निवृत्त. अंगणात खुर्ची टाकून चहा घेत बसले. माझ्या अंगात पांढरा झगा, तोंडावर पी-१०० फिल्टरचा मास्क, पायाखाली ६ मिल जाडीचं प्लास्टिक, हातात फवारा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकावे लागतात, नाहीतर पाणी नुसतंच घरंगळतं.

“जावईबापू, भिंतीला अंघोळ?”

“धूळ उडू नये म्हणून, मामा.”

“कसली धूळ! असल्याच सिमेंटच्या पत्र्याखाली दहावी केली आम्ही. ड्रिल आणा, पाच मिनिटांचं काम.”

ड्रिल नाही, ग्राइंडर नाही, करवतही नाही. शाबूत पाटी गरीब असते. कापली-फोडली की अ‍ॅस्बेस्टॉसचे, फुप्फुसाला घातक तंतू सुटतात. खिळा उपटायला जावं तर त्याच भोकापासून तडकते. म्हणून निपरने, म्हणजे तार कापायच्या पकडीने, खिळ्याचं डोकं कापायचं आणि पाटी अलगद खाली ओढून घ्यायची.

“खिळ्यांची मुंडकी उडवायला अमेरिकेत आलात?” थोडं थांबून, “किती अँपिअर म्हणालात?”

“दोनशे.”

“गुणिले २४०. अठ्ठेचाळीस केव्हीए! आमच्याकडे ६३च्या डीपीवर अख्खी वाडी चालायची, गिरणीसकट. तुम्ही राहता तिघं!”

उत्तर द्यायला वळलो आणि पाचवी पाटी कडकन मोडली. तुकडे ओले करून दुहेरी पिशवीत. मामांनी चहा संपवला.

पाट्यांच्या जागी पीव्हीसीचा बोर्ड, वरच्या कडेला पाणी अडवायला झेड आकाराची पट्टी, आणि मीटर त्या बोर्डावर. उरलेल्या पाट्यांना एकही भोक नाही. मग इलेक्ट्रिशियन आला, ४/० जाडीची अ‍ॅल्युमिनियम केबल ओढली आणि जमिनीत ८ फुटी रॉड ठोकला. एकच.

“अर्थिंग एकच? मीठ-कोळसा घातला का, विचारा.”

मी भाषांतर केलं. मीठ आणि कोळसा ऐकून त्याचा चेहरा उजळला. “बार्बेक्यू? कधी?”

इन्स्पेक्टरने नापास केलं. एका रॉडवर भागवायचं तर त्याचा रोध २५ ओहमच्या आत असल्याचं मोजून दाखवावं लागतं. मोजत कुणी बसत नाही, ६ फुटांवर दुसरा ठोकतात. इथे मोजलंही नव्हतं, ठोकलाही नव्हता. त्यापायी आणखी दोन दिवस गेले, आणि फेरतपासणीची फीसुद्धा माझ्याच बिलात.

साडेतीनशेबद्दल फोन केला. “असल्या भिंतीच्या घरांना लागतोच,” एवढंच उत्तर.

मामांनी चष्मा लावून बिल दोनदा वाचलं. “हात न लावण्याचे साडेतीनशे? मग जावईबापू, मीही नव्हता लावला.”