पिंपळाच्या कुळीबद्दल, तुमच्या प्रतिक्रियेच्या निमित्तानं

नमस्कार,

दीक्षाभूमीच्या पिंपळाचं रोप आम्ही साताऱ्यात लावणार, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : पिंपळ कुठल्याही वाड्याच्या भिंतीत फुकट उगवतो, त्याची कुळी कसली शोधता? बोधगयेचं आजचं झाड तरी मूळ कुठं आहे? त्यापेक्षा शंभर देशी झाडं लावा.

एका बाबतीत मी चुकले, ते आधी सांगते. 'हा तोच वृक्ष' असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. आमच्या वस्तीतल्या बायकांनी दीक्षाभूमीवर झाडाखाली पडलेली फळं रुमालात बांधून आणली. त्यातलं बारीक बी आम्ही वाळू-शेणखतात रुजवलं. फांदी रुजवली तर झाड तेच राहतं, बियांतून येतं ते लेकरू. पिंपळाच्या फळात शिरणारा चिमुकला किडा पराग कुठल्या झाडावरून घेऊन आला, कोण सांगणार? आमच्या रोपाची आई ठाऊक आहे, बाप नाही. लेखात दुरुस्ती केली आहे आणि पाटीवरही 'बियांपासून वाढवलेलं' असंच लिहू.

बोधगयेचं तुमचं म्हणणं खरं आहे. तिथलं जुनं झाड १८७६ मध्ये वादळात कोसळलं. आजचं झाड १८८१ च्या सुमारास इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी लावलं, त्याच झाडाच्या रोपांपैकी एक. पण त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाची लेक संघमित्रा मूळ बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली, असं परंपरा सांगते. अनुराधपूरचं ते झाड आजही जपलेलं आहे. त्याचंच रोप १९३१ मध्ये लंकेचे धम्मप्रचारक अनागारिक धर्मपाल यांनी सारनाथला लावलं, आणि पुढं भदंत आनंद कौसल्यायनांनी लंकेतल्या अनुराधपूरहूनच फांद्या आणल्या, त्यातून दीक्षाभूमीचा पिंपळ उभा राहिला. लेकीच्या घरून माहेरी परत आलेलं झाड आहे हे. भिंतीतल्या पिंपळाचं पान आणि याचं पान सारखंच, हे मला मान्य आहे. पण भिंतीतला पाखरानं टाकला आणि हा माणसांनी हातोहात इथवर आणला. मला जपायची आहे ती ही हातांची साखळी.

साताऱ्यातच का, तेही विचारलंत. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव इथल्या राजवाड्यातल्या शाळेच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरात लागलं. त्यांच्या आई भीमाबाई याच गावात वारल्या. त्या पोरानं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंसह धम्म स्वीकारला. नागपूरच्या झाडाचं लेकरू साताऱ्यात यावं, यापेक्षा सरळ नातं मला सुचत नाही. काहींचा आग्रह होता की शाळेच्या आवारातच लावू. मीच विरोध केला. जुन्या जोत्यात पिंपळाची मुळी शिरली की दगड सुटतात. त्या शाळेची भिंत तडकली तर आठवण कशाची ठेवायची? म्हणून जागा निवडली ती माहुलीच्या बाजूची, आसपास साठ फुटांत बांधकाम नसलेली.

आता शंभर झाडं. सांचीजवळ २०१२ मध्ये श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष राजपक्षे यांनी लावलेल्या पिंपळाच्या रोपाला चोवीस तास पहारा असतो, तो खर्च तुम्हाला खुपतो. मलाही तसला पहारा नको. पण ओळीनं लावलेल्या झाडांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. चार वर्षांपूर्वी एका टेकडीवर आम्हीच खड्डे काढले, फोटो काढले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात आळ्यांत नुसत्या काटक्या उरल्या. कुणी चौकशीही केली नाही, कारण त्यातलं एकही झाड कुणाचं नव्हतं. या रोपाला मात्र पान पिवळं पडलं तरी चार दारांतून विचारणा होते. त्याच पाण्याच्या फेरीत जांभूळ, करंज आणि कडुनिंबही जगवायचे आहेत, तेव्हा तुमची सूचना सोडलेली नाही. (कासच्या सड्यावर मात्र झाडं लावू नका. तिथली फुलं उघड्या उन्हावरच जगतात.)

आणि 'आपल्या मातीतलं काही लावा' म्हणालात, ते मनापासून पटलं. जावळीतल्या 'वडाचे म्हसवे' या गावचा वड १८८२ मध्ये मोजला तेव्हा त्याच्या साऱ्या पसाऱ्याचा घेर १५८७ फूट भरला होता. वडाची जाड फांदी पावसाच्या तोंडावर लावली की रुजते. गावकऱ्यांची परवानगी मिळाली तर येत्या जूनमध्ये तिथली एक फांदी आणू, आणि ती मात्र खरोखर 'तोच वृक्ष' असेल.

रविवारी सकाळी सातला आम्ही रोपाभोवती काट्यांचं कुंपण घालणार आहोत. हातमोजे घेऊन या, बोरीचे काटे आहेत.