पणजीला गेलात आणि कॅसिनोत नाही गेलात?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. ऑफिसच्या ग्रुपवर पुढच्या महिन्यातल्या गोवा ट्रिपची चर्चा सुरू आहे. पहिल्या संध्याकाळी कॅसिनो, दुसऱ्या संध्याकाळीही कॅसिनो. मी लिहिलं, एक संध्याकाळ पणजी बघू या, मी दाखवते. तर टीममधला सगळ्यात धाकटा मुलगा विचारतो, "मॅडम, पणजीत कॅसिनो सोडून आहेच काय?" खाली अकरा जणांचे हसरे चेहरे. मग त्यालाच आठवलं की मी मागे गेले होते. "तुम्ही कुठल्या कॅसिनोत गेला होतात?" म्हटलं, कुठल्याच नाही. "मग गेलात कशाला?"

ग्रुपवर उत्तर दिलं नाही. इथे देते.

डिसेंबर २०१९. बाबा तेव्हा ७१ वर्षांचा. सावंतवाडी डेपोचा एस.टी. ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. कितीतरी वर्षं त्याने सावंतवाडी-पणजी गाडी चालवली, पण त्याची पणजी म्हणजे स्टँड, कँटीनचा चहा, गाडी वळवायची आणि परत. फिरायला म्हणून तो तिथे एकदाही गेला नव्हता. मी विचारलं, बाबा, तुला काय बघायचंय? म्हणाला, "माका फेरीत बसूचा आसा."

एवढंच. पणजीच्या धक्क्यावरून मांडवी ओलांडून समोर बेतीला जाणारी फेरीबोट. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे जायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

धक्क्याकडे जाताना नदीकाठच्या फुटपाथवर ती मुलं उभी असतात ना, हातात पत्रकं घेऊन, त्यांनी बाबाला तीनदा अडवलं. "अंकल, कॅसिनो? जेवण, ड्रिंक्स सगळं एंट्रीतच." बाबा प्रत्येक वेळी थांबला. प्रवाशाचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची त्याची जुनी सवय. ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नको रे बाबा, माका फेरी पकडूची आसा." तिघांनाही तेच, त्याच सुरात. तिसरा मुलगा हसला आणि त्याने आम्हाला धक्क्याचा जवळचा रस्ता दाखवला. त्या मुलांवर माझा राग नाही, ती पोटासाठी उभी असतात.

राग आहे तो मांडवीत उभ्या असलेल्या सहा कॅसिनो बोटींच्या पलीकडे या शहरात काही नाही असं समजणाऱ्यांवर. अरे, १८४३ पासून राजधानी असलेलं गाव आहे ते! देशातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक ग्रंथालय पणजीत आहे, १८३२ सालचं. आता ते पाटोला संस्कृती भवनात आहे. आत जाऊन बसा, कोणी उठवत नाही. मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून सकाळी सातला चाला, पाववाल्याचा भोंपू ऐका. (आणि कृपा करून लोकांच्या दारात, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका, माणसं राहतात तिथे.) त्या गल्लीतल्या सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. पूर्वी हा क्रूस जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता. तिथे कोणाकोणाला त्याच्यासमोर उभं केलं असेल, या विचाराने मी बराच वेळ हलले नव्हते.

आम्ही गेलो तेव्हा आठ डिसेंबरचं फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा होती, मोठ्या चर्चच्या पायथ्याशी दुकानं लागली होती. बाबा पायऱ्या चढला नाही, गुडघे दुखतात. खाली बसून त्याने खाजं खाल्लं आणि म्हणाला, "हां तर आपल्या जत्रेतला." आहेच. सीमा सरकारांना, खाजं दोन्हीकडचं.

आणि रायबंदरचा रस्ता! ड्रायव्हर माणूस, त्याला त्याचंच जास्त कौतुक. पणजीहून रायबंदरला जाणारा तो तीनेक किलोमीटरचा सरळ बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये चिखलात, खारफुटीत घातला. बसमधून जाताना बाबा खिडकीतून खालीच बघत होता. इतकी वर्षं पणजीला येऊन हा रस्ता त्याला ठाऊक नव्हता, कारण त्याची गाडी तिकडून जायची नाही.

फेरीवर येते.

पहिल्यांदा आम्ही बेतीला पोचलो. स्कूटर उतरल्या, शाळेची मुलं उतरली, मासळीची टोपली घेतलेली बाई उतरली. बाबा उतरला नाही. कठड्याला धरून उभा. त्याच फेरीने परत पणजी. पुन्हा बेती. मी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा नदीच्या मध्यावर आल्यावर तो स्वतःहून बोलायला लागला.

५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला. सोळा वर्षांचाही झाला नसेल तो पूल. नवा व्हायला १९९२ उजाडलं. त्या पावसाळ्यात बाबाची गाडी बेतीलाच थांबायची आणि प्रवासी फेरीने पणजीत जायचे. एक दिवस बांद्याहून एक बाई चढली, कडेवर तीन-चार वर्षांचा तापाने फणफणलेला मुलगा. बरोबर कोणी नाही. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यायचा होता. आमच्याकडे आज कोणाचं जास्त झालं की "बांबोळीक न्हेलो" म्हणतात, कारण ते इस्पितळ आता बांबोळीला आहे; तेव्हा ते पणजीतच होतं. बेतीला धक्क्यावर ही गर्दी, वर पाऊस. बाबाने गाडी कंडक्टरच्या हवाली केली, पोराला खांद्यावर घेतलं आणि फेरीत चढला. पलीकडे उतरून इस्पितळाच्या दारापर्यंत चालत नेलं.

मी विचारलं, मग तो वाचला का?

"ठावक नाय. गाडी टायमार सोडूची होती."

तेहेतीस वर्षं हे त्याने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. नंतर आम्ही काठाकाठाने कांपालपर्यंत चाललो, ती जुनी इमारत बघायला. आता तिच्यात इफ्फीवाले, म्हणजे चित्रपट महोत्सववाले असतात, इस्पितळ कधीच हललंय. बाबा फाटकाबाहेर उभा राहिला, वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "हयच." त्या वाटेवर पुन्हा पत्रकवाले भेटले. पुन्हा तेच उत्तर, फक्त आता फेरी मागे राहिली होती. मी म्हटलं, बाबा, आता तरी वेगळं काही सांग. तर म्हणाला, "परत जाताना पकडूची आसा."

तर यासाठी गेले होते मी पणजीला.

मान्य, त्या बोटींवर आपलीच मुलं कामाला आहेत. माझ्या मावशीचा मुलगा एका बोटीच्या किचनमध्ये आहे आणि त्याच्याच पगारावर मावशीचं घर उभं राहिलंय. आणि कोणी स्वतःच्या कमाईतले ठरवून दोन हजार घालवले तर मी कोण बोलणार? पण एक सांगा. गोव्याचा १९७६ चा जुगारबंदीचा कायदा, त्यात १९९२ ला पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या मशीनसाठी आणि १९९६ ला पाण्यावरच्या बोटींसाठी फट ठेवली. आणि २०२० पासून त्याच सरकारने गोंयकारांना कॅसिनोत जायला बंदी केली. म्हणजे घरच्या माणसांसाठी वाईट, आणि पुण्या-मुंबईहून, बेळगावहून येणाऱ्या आपल्यासाठी चालेल? याचा कोणालाच राग कसा येत नाही?

हे टाईप करत असतानाच ग्रुपवर अजून एक मेसेज आला. मी बाबाबरोबर गेले होते हे कळल्यावर कोणीतरी लिहिलंय, "वडिलांना रूमवर झोपवून जायचं ना रात्री."

पाच मिनिटं फोन बाजूला ठेवला होता.

रूमवर झोपवून. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी पोचवलं, त्याला त्याच्या एका सुट्टीत रूमवर झोपवायचं, कारण मला रात्रभर चकती फिरताना बघायची आहे! तुम्ही कोणी असं केलं असतं का? माझ्या यादीतलं कोणी करेल असं मला वाटत नाही. करणारं असेल तर आत्ताच सांगा.

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

तो धाकटा मुलगा वाईट नाही. चोवीस वर्षांचा आहे, घरापासून लांब राहतो, रोज रात्री दहापर्यंत काम करतो. त्याला कोणी शहर दाखवलेलंच नाही. फोनवर पणजी शोधली की त्या दिव्यांच्या बोटीच आधी येतात, त्याने तरी काय करावं? मला कोणी दाखवलं होतं? बाबा फेरीत बसतो म्हणाला नसता तर मीसुद्धा मिरामारला भेळ खाऊन परत आले असते.

मघाशी बाबाला फोन केला. आता ७७ पूर्ण. म्हटलं, आमचं ऑफिस गोव्याला जातंय, शनिवारी संध्याकाळी येशील का पणजीला? गाडी पाठवते. म्हणाला, "गाडी कशाक? एस्टी आसा मा."

ग्रुपवर आत्ता एवढंच टाकलं आहे: त्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी आणि माझे वडील पणजीच्या फेरी धक्क्यावर असू. ज्यांना यायचं त्यांनी या. रात्री बोटीवर जायचं त्यांनी नंतर जा, मी अडवणार नाही. फेरीला पैसे पडत नाहीत.

अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.